खलनायकाची स्कूटर

हिंदी बोलपटाच्या राज्यव्यवहारात प्रत्येक पात्राचे वतन पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले असून त्या वतनास हात लावण्याचा अधिकार खुद्द दिग्दर्शकालाही नसतो, ही गोष्ट ज्याने हयातीत दहापाच चित्रपट पाहिले असतील त्याला निराळी समजावून सांगावी लागत नाही. आईने खोकावे, बापाने कर्ज काढावे अथवा पूर्वार्धातच कैलासवासी व्हावे, धाकट्या बहिणीने लग्नाला येऊन बसावे, फौजदाराने सर्व मारामारी आटोपल्यावर जीपगाडीतून उतरावे, आणि डॉक्टरने शस्त्रक्रियेच्या खोलीचे दार उघडून चष्मा पुसता पुसता मान हलवावी, ही कामे इतक्या बिनचूकपणे आणि इतकी वर्षे पार पडत आली आहेत की, कोणत्याही गावच्या पाणीपुरवठा खात्याने त्याच्या चौथ्या हिश्शाइतका नियमितपणा दाखविला असता तरी त्या गावातील निम्म्या गृहिणींना चित्रपट पाहण्यास अधिक सवड मिळाली असती.

या सर्व वतनांत सर्वांत जुने आणि सर्वांत उत्पन्नाचे वतन म्हणजे हरवलेल्या मुलाचे. १९४३ साली बॉम्बे टॉकीजच्या 'किस्मत'मध्ये अशोककुमार खिसेकापू झाला, आणि लहानपणी घरातून परागंदा झालेला सुखवस्तू घराण्यातील मुलगा तो हाच, असे शेवटी निष्पन्न होऊन सर्वांची तोंडे गोड झाली. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तो चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ मुक्काम ठोकून होता. १९६५ च्या 'वक्त'मध्ये एक हरवून भागेना म्हणून तीन भाऊ हरवले आणि त्यासाठी भूकंपाची तजवीज करण्यात आली. १९७३ च्या 'यादों की बारात'मध्ये घराण्याची ओळख पटविण्यासाठी दागदागिने, गोंदण वगैरे दस्तऐवजांऐवजी एक गाणे पुराव्यादाखल ग्राह्य धरण्यात आले. आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'ने तर तीन हरवलेल्या भावांचे रक्त एकाच वेळी नळ्यांवाटे त्यांच्याच आईच्या देहात चढवून दाखविले, ज्यावर वैद्यकशास्त्राने आपला अभिप्राय राखून ठेवला असला तरी प्रेक्षकांनी त्यास जागच्या जागी मंजुरी दिली.

या चित्रपटांची निंदा करावी असा माझा हेतू नाही. त्यांतील कित्येकांना मी यथासांग रडलो आहे. माझी तक्रार एवढीच की, असा चित्रपट पाहणे ही एक प्रकारची नोकरी आहे. तिकिटाचे पैसे आपण द्यावयाचे आणि वर कामही आपणच करावयाचे: आईला दृष्टी आली की डोळे पुसावयाचे, बहिणीवर संकट आले की मुठी आवळावयाच्या, नायकाने सूड उगवला की त्या सुडात आपलाही वाटा आहे असे समजून समाधान पावावयाचे, आणि तीन तासांनंतर, कोणाचे तरी सात खून मनोमन माफ करून, थकल्या अंगाने घरी यावयाचे. दिवसभर कचेरीत साहेबांच्या भावना सांभाळून आलेल्या माणसाने संध्याकाळी पुन्हा नायकाच्या भावना सांभाळीत बसावे, ही सक्ती मला पहिल्यापासूनच अन्यायाची वाटत आली आहे.

म्हणूनच १९७६ च्या प्रारंभी आलेल्या 'छोटी सी बात' या चित्रपटाविषयी माझ्या मनात जी कृतज्ञता आहे, ती रजेचा अर्ज विनातक्रार मंजूर करणाऱ्या वरिष्ठाविषयी कनिष्ठाच्या मनात असते त्या जातीची आहे. काळ लक्षात घ्या. आदल्या वर्षी जानेवारीत 'दीवार' आलेला, ज्यात दोन भाऊ एका आईवरून आणि एका तत्त्वावरून समोरासमोर उभे. ऑगस्टात 'शोले' आलेला, ज्यात ठाकूरांचे हात गेले आणि साऱ्या देशाच्या तोंडी गब्बरची भाषा आली. सगळीकडे असा दारूगोळा उडत असता बासू चॅटर्जी नावाच्या गृहस्थांनी, ज्यांची कित्येक वर्षे 'ब्लिट्झ' साप्ताहिकात व्यंगचित्रे काढण्यात गेली होती, मुंबईच्या अरुण प्रदीप नावाच्या एका कारकुनाची कैफियत पडद्यावर मांडली. आणि ती कैफियत अशी की, बसच्या रांगेत रोज दिसणाऱ्या प्रभा नावाच्या मुलीशी त्याला बोलावयाचे आहे आणि बोलता येत नाही. बस्स. यापलीकडे या चित्रपटात कोणाचे काहीही बिघडलेले नाही. कोणाची जमीन गेलेली नाही, कोणाच्या बापाचा खून झालेला नाही, कोणी आंधळे झालेले नाही. एक वाक्य घशात अडकलेले आहे आणि ते बाहेर पडेपर्यंत आपण खुर्चीत बसून राहावयाचे आहे.

गंमत अशी की, या चित्रपटाचे निर्माते होते बी. आर. चोप्रा, म्हणजे ज्यांच्या घरून 'वक्त'चा भूकंप निघाला होता तेच. आणि त्यात खंडाळ्याच्या थंड हवेत बसून दुर्बळांना धैर्य शिकविणाऱ्या निवृत्त कर्नलाचे काम केले होते अशोककुमारने, म्हणजे हरवलेल्या मुलाच्या वतनाचा जो जवळजवळ मूळपुरुष त्यानेच. वतनदारांनीच वतनावर पाणी सोडावे असा हा प्रकार होता.

आता खलनायकाचे पाहू, कारण माझ्या मते या चित्रपटाचे सारे मर्म खलनायकात आहे. नागेश शास्त्री हे त्याचे नाव, असरानी हा त्याचा नट, आणि पिवळ्या रंगाची एक स्कूटर हे त्याचे एकमेव शस्त्र. हा इसम प्रभेच्या कचेरीत काम करतो, तिला स्कूटरवरून सोडण्याचा वारंवार आग्रह धरतो, टेबल टेनिस बरे खेळतो, बुद्धिबळात पटकन मात देतो, आणि जहांगीर कलादालनातल्या समोवार उपाहारगृहात जेवण मागविण्यासारख्या निरुपद्रवी व्यवहारातही अरुण प्रदीपवर कुरघोडी केल्याखेरीज राहत नाही. त्याचा अपराध एवढाच. तो चोरटा माल आणीत नाही, त्याच्या घरी फिरत्या जिन्याखाली तळघर नाही, आणि त्याच्या पदरी टक्कल केलेले नोकर नाहीत. ज्या इंग्रजी चित्रपटावरून, म्हणजे १९६० च्या 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स'वरून, हे कथानक उचलले आहे त्यातल्या प्रतिस्पर्ध्याजवळ डौलदार, महागडी मोटार होती. मुंबईला येताना तिची स्कूटर झाली, आणि ही पदावनती मला मूळ कल्पनेपेक्षा अधिक प्रतिभावान वाटते. कारण मोटारवाल्याचा हेवा आपण करीत नसतो. तो निराळ्या लोकांतला मनुष्य, त्याला आपण परस्पर सोडून दिलेले असते. परंतु ज्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, नोंदणीच्या वेळी बोहल्यावर चढलेल्या मनुष्याच्या हाती स्कूटर येई तोवर पुढे उभे करावयास एक आणि मागे बसवावयास एक अपत्य तयार असे, त्या काळात आपल्याच पगाराच्या, आपल्याच वयाच्या, आपल्याच बसथांब्यासमोरून जाणाऱ्या माणसाकडे स्कूटर असणे, आणि तीही पिवळी, याहून मोठे दुष्कृत्य मध्यमवर्गाला सुचणे शक्य नव्हते. गब्बर सिंगाशी माझा जन्मात कधी संबंध आला नाही. नागेश शास्त्री मात्र माझ्या शेजारच्या टेबलाशीच बसत असे आणि त्याचा रुमाल कधी मळलेला दिसत नसे.

हा चित्रपट दूरदर्शनवर लागला त्या रविवारचा वृत्तान्त येथे नमूद करणे अगत्याचे आहे. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट, असा तेव्हाचा शिरस्ता होता, आणि ज्याच्या घरी संच त्याच्या घरी गल्ली, अशी वहिवाट होती. आमचे थोरले मामा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कोणत्याही चित्रपटाची पहिली वीस मिनिटे पाहून त्याचा शेवट जाहीर करावा आणि पुढील दोन तास आपले भाकीत खरे ठरताना पाहून समाधानाने सुपारी कातरावी, हा त्यांचा परिपाठ होता, आणि तोपर्यंत त्यांचा एकही निकाल अपिलात फिरला नव्हता. अरुण बसच्या रांगेत उभा राहिला, प्रभेकडे चोरून पाहू लागला, आणि मामांनी अडकित्ता उचलला.

"लिहून ठेव," ते मला म्हणाले, "हा पोरगा कचेरीत अफरातफरीच्या आरोपात अडकणार. गरीब चेहऱ्याचा कारकून दाखवला की पुढं तिजोरी फुटलीच."

तिजोरी फुटली नाही. अरुण कचेरीत गेला आणि परत आला.

"मग तिचा बाप मध्ये पडणार."

बाप मध्ये पडला नाही. मुलगी स्वतः नोकरी करीत होती, सुती साडी नेसून स्वतः बसने जात होती, आणि आपल्या मागे कोण येते आहे हे तिला पक्के ठाऊक असून त्याची तिला गंमत वाटत होती. (कोणाच्या मागे मागे जाणे हे काही अनुकरणीय वर्तन नव्हे, हे येथे सांगून ठेवतो, चित्रपटाला ते शोभते याचे कारण प्रभा त्याला भीत नसून वाचीत असते.) नागेश आला तेव्हा मामा खुर्चीत पुढे सरकले आणि "हा आता गुंड आणणार" असे म्हणाले, नागेशने टेबल टेनिसची रॅकेट आणली. अरुणने स्कूटरला तोंड देण्यासाठी एक जुनी मोटारसायकल घेतली, तेव्हा मामांनी अपघात, इस्पितळ आणि रक्तगट एवढ्यांची नोंद केली. मोटारसायकल सुरूच होईना, त्यामुळे अपघाताचा प्रश्न निकालात निघाला. हताश अरुण ज्योतिषी, बुवा अशा सर्व कनिष्ठ न्यायालयांतून फिरून शेवटी खंडाळ्यास कर्नलसाहेबांच्या बंगल्यात दाखल झाला, अशोककुमार दिसला, आणि मामांचा चेहरा उजळला.

"आता आलं ध्यानात!" ते म्हणाले. "हा कर्नल म्हणजे ह्या पोराचा बाप. जत्रेत चुकामूक झालेली असणार. दंडावरचं गोंदण दाखवतो की नाही बघ."

कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग यांनी गोंदण दाखविले नाही. त्यांनी अरुणला ताठ चालावे कसे, समोरच्याला खेळताना बोलून बेजार करावे कसे, आणि आपल्याला जे येत नाही ते येत असल्यासारखे चेहऱ्यावर दाखवावे कसे, याचे रीतसर शिक्षण दिले. मध्यंतरी साक्षात अमिताभ बच्चन त्यांच्याकडे सल्ला घेण्यासाठी येऊन गेला, म्हणजे 'दीवार'मधल्या त्या संतप्त तरुणालाही अडचणीच्या वेळी खंडाळ्याचीच पायरी चढावी लागते असे सिद्ध झाले. आणि चित्रपट संपेपर्यंत कोणीही कोणाचा बाप निघाला नाही. मामा बराच वेळ स्तब्ध होते. सुपारी तशीच राहिली होती. पुढे त्यांना जे हसू आले ते मामींच्या मते त्यांच्या लग्नानंतरचे पहिलेच विनाकारण हसू होते, आणि ते आवरण्यासाठी त्यांना चहा द्यावा लागला.

या घटनेचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझा निष्कर्ष असा की मामांना त्या दिवशी आयुष्यात प्रथमच पडद्यासमोर बिनकामाचे बसावयास मिळाले. साचेबंद चित्रपट पाहताना प्रेक्षक सतत राखणदारीवर असतो: ही बंदूक भिंतीवर आहे म्हणजे सुटणार, ही आई फार गोड बोलते आहे म्हणजे मरणार, हा मित्र फार इमानी आहे म्हणजे गोळी याच्याच छातीत बसणार. जे येणार ते आपल्याला आधी कळते, त्यामुळे ते आपल्याला दोनदा सोसावे लागते, एकदा आगाऊ आणि एकदा प्रत्यक्ष. हलक्याफुलक्या आणि तरीही साच्याबाहेरच्या चित्रपटात ही दुहेरी वसुली नाही. पुढे काय होईल ते सांगता येत नाही, परंतु जे होईल ते भयंकर नसेल याची हमी पहिल्या दृश्यापासून मिळालेली असते; आणि अनिश्चितता व अभय या दोन गोष्टी एकाच ठिकाणी मिळण्याचा योग संसारात इतका विरळा की, तो जेथे मिळेल तेथे मनुष्य पुन्हा पुन्हा जातो.

पुन्हा पुन्हा जातो, यावर एक तर्कनिष्ठ वाचक मला येथे अडविणार. जो चित्रपट तुम्ही वारंवार पाहता, ज्यातले पुढचे वाक्य तुम्हाला पाठ आहे, तो अनपेक्षित कसा, असे तो विचारील. आक्षेप सशास्त्र आहे. परंतु मामांचेच पाहा: पुढे तो चित्रपट जेव्हा जेव्हा लागे तेव्हा ते अर्धा तास आधी येऊन खुर्ची अडवीत, भाकिते मुळीच करीत नसत, आणि पडद्यावर चिनी उपाहारगृहात काड्यांनी जेवण्याची पाळी येण्यापूर्वीच हसून घेत. पुढचे त्यांना ठाऊक असे ते याच चित्रपटाच्या सहवासाने. पूर्वी ठाऊक असे ते दुसऱ्या पन्नास चित्रपटांच्या साक्षीवरून. घरच्या जिन्याची कोणती पायरी वाजते हे माहीत असणे निराळे, आणि जगातले सगळे जिने एकाच सुताराने केले आहेत असे आढळून येणे निराळे.

असा चित्रपट करणे सोपे असते असे मानणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे, आणि त्या वर्गाने काढलेले चित्रपट मी पाहिले आहेत. त्यांना वाटते की मारामारी वजा केली, आई वजा केली, आणि नायकाच्या हाती छत्री दिली की हलकाफुलका चित्रपट शिल्लक राहतो. वजाबाकीने शून्य शिल्लक राहते, हे गणित ते विसरतात. बासू चॅटर्जींनी जेवढे काढून टाकले तेवढ्याच्या जागी काहीतरी बसविले होते: बसथांब्यावरची रांग, तिच्यात मागच्याने पुढच्याशी राखावयाचे अंतर, कचेरीतून निघताना टेबलावरचे कागद आवरण्याची घाई. अरुणचे काम करणारा अमोल पालेकर स्वतः काही काळ बँक ऑफ इंडियात नोकरी करीत होता, आणि रंगभूमीवरून आलेला होता. त्याचे खांदे पहिल्या भागात जसे पुढे पडलेले आहेत तसे पाडण्यास नाटकाची तालीम लागते, की हजेरीपटावर सही करण्याची, हे मला अजून ठरविता आलेले नाही. आणि प्रभा झालेली विद्या सिन्हा काहीही विशेष न करता ज्या रीतीने सर्व काही समजून घेत राहते, तसे समजून घेणारी नायिका त्या काळच्या भडक चित्रपटांत असती तर ते चित्रपट मध्यंतरापूर्वीच संपले असते.

बासू चॅटर्जींना हे वळण एका दिवसात सापडले नव्हते. दोन वर्षे आधीच्या 'रजनीगंधा'त त्यांनी एका मुलीसमोर दोन पुरुष उभे केले आणि दोघांपैकी एकालाही दुष्ट ठरविण्याची तसदी घेतली नाही. हृषीकेश मुखर्जींनी तर 'शोले'च्याच वर्षी धर्मेंद्र आणि अमिताभ यांच्या हातून बंदुका काढून घेऊन 'चुपके चुपके'मध्ये दोघांनाही प्राध्यापक केले, ही बढती की पदावनती हे ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून ठरवावे. पुढे सई परांजप्यांनी १९८३ मध्ये 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून 'कथा' काढला, आणि मुंबईच्या चाळीत कासवाला नोकरी, सचोटी व शेजाऱ्यांची चांगली मते एवढे सारे देऊन शर्यतीत मात्र सशाला बिनदिक्कत पुढे जाऊ दिले. इसापाच्या काळापासून जो निकाल कायम होता तो त्यांनी फिरविला. आणि हे करताना कोणाला रडविले नाही, हे माझ्या मते त्याहून कठीण. माझे स्पष्ट मत असे की 'कथा' हा या सर्वांत अधिक शहाणा चित्रपट आहे. परंतु ताप आलेला असताना, अथवा आयकराचे पत्र आलेले असताना, मी 'छोटी सी बात'च लावतो, कारण शहाणपणाला सहन करण्यास प्रकृती धड असावी लागते.

या चित्रपटातली मुंबईही आता प्रकृतीला मानवणारी झाली आहे. समोवार २०१५ साली बंद झाले, आणि त्या बसच्या रांगेतली शिस्त त्याच्याही पुष्कळ आधी. कोणाला त्यात गेलेल्या दिवसांची हुरहुर वाटत असेल तर वाटो. मला त्या दिवसांतल्या गर्दीची चांगली आठवण असल्याने ती फारशी वाटत नाही. मला मौज वाटते ती पडद्यावरच्या निवांतपणाची. अरुण चित्रपटगृहात बसून धर्मेंद्र आणि हेमामालिनीचे गाणे पाहतो, आणि हळूहळू त्यांच्या जागी स्वतःला आणि प्रभेला पाहू लागतो. त्या चार मिनिटांत सगळा साचेबंद सिनेमा पाहुणा म्हणून येतो, मानाने बसवून घेतला जातो, आणि चहापाणी होताच निरोप घेऊन जातो.

शेवटाबद्दल मात्र आमच्या घरी एकमत नाही. अरुण सगळे डावपेच बाजूस ठेवून खरे काय ते प्रभेला सांगून मोकळा होतो, येथपर्यंत तक्रार नाही. परंतु हरलेला नागेश, ज्याला साचेबंद चित्रपटात एखाद्या कड्यावरून खाली पडून प्रायश्चित्त घ्यावे लागले असते, तो येथे सरळ खंडाळ्याचा रस्ता धरतो आणि त्याच कर्नलसाहेबांच्या दारात विद्यार्थी म्हणून उभा राहतो. मामांच्या कायदेशीर बुद्धीला हे अजिबात मानवले नाही. एकाच वकिलाने वादी आणि प्रतिवादी अशा दोघांचेही वकीलपत्र घेणे कोणत्या कलमात बसते, असा त्यांचा सवाल होता, आणि उद्या हा नागेश शिकून तयार झाला तर त्या बिचाऱ्या अरुणने पुन्हा रजा काढून खंडाळा गाठावयाचा काय, असा त्यास जोडून उपप्रश्न होता.

"अहो, पण त्या नागेशनं तरी दुसरं कुठं जायचं?" मामी आतून म्हणाल्या.

मामांनी या मुद्द्यावर थोडा वेळ विचार केला, आणि स्कूटर अर्जदाराच्या स्वतःच्या मालकीची असल्याने त्यास प्रवासभत्ता देय होणार नाही, एवढ्या एका शर्तीवर नागेशचा प्रवेश मंजूर केला.